पोरांची सोय

डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली एकोणीस वर्षं रक्त काढते. कोणी मला मॅडम म्हणतं, कोणी सिस्टर, म्हाताऱ्या बायका सुईवाली म्हणतात. मला कशाचंच काही वाटत नाही. डोकं फिरतं ते फक्त सोमवारी.

सोमवारी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्या आजोबांच्या रांगेबाहेर एखादी आई उभी असतेच. सोबत अठरा-वीस वर्षांचं पोर. ती रांगेत येत नाही. कोपऱ्यात थांबते, गर्दी ओसरली की टेबलाशी येते आणि हळू आवाजात विचारते, "मॅडम, कोणी काही पाजलं असेल तर रक्तात कळतं का हो?" पोर जमिनीकडे बघत असतं. कुणाला शनिवारी ठाण्यातल्या कुठल्याशा पबमध्ये, कुणाला मित्राच्या वाढदिवसाला, कुणाला भाड्याने घेतलेल्या बंगल्यावर, ग्लासात काहीतरी घालून दिलेलं असतं. मुली जास्त. पण मुलगेही असतात, आणि मुलगे तर आईलासुद्धा नीट सांगत नाहीत. पूर्वी असं वर्षाकाठी एखाददुसरं यायचं. आता त्यात नवल राहिलेलं नाही.

मी या आयांना झापायचे. अगदी चारचौघांत झापायचे. "शनिवारी झालं आणि आज आलात? लघवीतून गेलं सगळं! तेव्हाच सिव्हिलला न्यायचं, केस पेपर काढायचा, पोलिसांना कळवायचं. प्रायव्हेट लॅबच्या कागदाला कोण विचारतंय?" आई मान खाली घालून म्हणायची, घरी पाहुणे होते हो, नाहीतर म्हणायची, ह्यांना सांगायची भीती वाटली. घरी आल्यावर मी नवऱ्याजवळ धुसफूस करायचे, की कसल्या बायका या, पोटच्या पोरीपेक्षा यांना पाहुणे मोठे. मी स्वतःला त्यांच्यातली समजत नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझं माहेर शीळफाट्याच्या अलीकडे. गाव म्हणायचं आपलं. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधे आमची पंचवीस-तीस घरं. आजोबा भात लावायचे आणि पाऊस सरला की मिठागरावर कामाला जायचे. पुढे जमिनी बिल्डरकडे गेल्या. आता घराघरात दोन-दोन गाड्या आहेत आणि कुणाच्या पायाला चिखल लागत नाही. दादाचं घर तीन मजली. त्याला एक मुलगा, एक मुलगी. मुलाचं लग्न मागच्या हिवाळ्यात झालं, सून कोपरीची.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला न आलेला माणूस चालतो, हळदीला आला नाही तर त्याचा राग धरतात. मटण, भाकऱ्या, डीजे आणि मांडवामागे पोरांची सोय. हा शब्द आमच्याकडे सगळे वापरतात, बायकासुद्धा. "पोरांची सोय झाली का?" असं वहिनी दादाला विचारते तेव्हा तिला विचारायचं असतं की दारूचे बॉक्स आले का. ही सोय नवरदेवाच्या बापाने करायची. त्यात हात आखडला तर गाव नावं ठेवतं, डीजेसमोर कोणी फिरकत नाही. हिरव्या कापडाच्या आडोशाला एक लांब टेबल लावतात. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला थंड्याच्या मोठ्या बाटल्या आणि कागदी कपांची चळत. मांडवातल्या बायकापोरांना थंडा त्याच टेबलावरून, त्याच पोरांच्या हातून येतो. हे वेगळं ठेवावं असं इतक्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात आलेलं नाही. माझ्याही नाही.

त्या संध्याकाळी मी हळद लागल्यावर जेवून लगेच निघाले, कारण सकाळी साडेसहाला लॅब उघडून किल्ल्या दुसऱ्या मुलीच्या ताब्यात द्यायच्या होत्या. निघताना भाची नाचताना दिसली. एकवीस वर्षांची, ठाण्याला कॉलेजात शिकते, गालाला कानापर्यंत हळद फासलेली. मी रिक्षात बसेपर्यंत ती हात हलवत होती. दुसऱ्या दिवशी ती करवली होती. नवरदेवाच्या मागे कलश घेऊन उभी राहणारी सख्खी बहीण ती एकच.

सकाळी आठच्या पुढे साडीची पिशवी घेऊन मी परत माहेरी पोचले, तर वहिनी दारातच.

"बरा झाला तू आलीस गो. पोरीला बग जरा. उठत नाय."

वर गेले. भाची पलंगाच्या कडेला बसली होती. कालचेच कपडे, गालावरची हळद सुकून तडकलेली, पायाशी बादली, बादलीत उलटी. ओठ कोरडे पडलेले. मला बघून तिने पहिलं वाक्य काय म्हणावं?

"आत्या, मी काल घेतली नाहीये. आईशप्पथ."

मला पहिली चीड आली ती याच वाक्याची. पोर मरणाची ओकतेय आणि तिला आधी स्वतःची सफाई द्यावीशी वाटते. मी म्हटलं, मला माहितीये गं, तू सांग काय झालं.

तिने सांगितलं ते थोडंच होतं. नाचून घसा सुकलेला, तेव्हा दहा वाजले असतील. भावाच्या मित्राने संत्र्याच्या थंड्याचा कप आणून दिला. हा मित्र म्हणजे शेजारच्या घरातला मुलगा, लहानपणापासून दादाकडेच जेवणारा. भाची त्याला दरवर्षी राखी बांधते. थंडा कडवट लागला, तिला वाटलं बाटली उघडी राहिली असेल. जेमतेम अर्धा कप प्यायली. थोड्या वेळाने पाय जड झाले, डीजेचा आवाज लांबून यायला लागला, कोणीतरी तिला दंडाला धरलं. मग पहाटे चारला जाग आली ती याच पलंगावर, पायात चपला तशाच, एका कानातला झुमका गायब.

"मधलं?"

"मधलं काहीच नाही आत्या. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. नाहीच आहे काही."

अर्ध्या कपाने असं होत नाही. दारूने तर नाहीच. मला कोणी समजवायची गरज नव्हती. दर सोमवारी हेच वाक्य मी टेबलापलीकडून ऐकते, फक्त ते पोर माझ्या घरचं नसतं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि खाली आले, दादाला सांगायला.

दादा मांडवात बनियनवर बसून चहा घेत होता. बाजूला वहिनी विड्याची पानं पुसत बसलेली, पाटावर नवरदेव पिवळाधमक, दोन-तीन नातेवाईक. मी सांगितलं. मला वाटलं होतं, दादा कप ठेवून उठेल.

"अगो टाकली असंल पोरांनी थोडी," तो म्हणाला. "मस्करी असतं ती. हळद हाय, कीर्तन नाय."

आणि त्याला काही तरी आठवून हसूच आलं. "तुझ्या हळदीला नाय का, मास्तरांच्या ताकात घातलेली!"

सगळ्यांना आठवलं. आमच्या गावच्या शाळेचे मास्तर, सुपारीचं खांडही न खाणारा माणूस. माझ्या हळदीत दादाने आणि त्याच्या मित्रांनी त्यांच्या ताकात दारू मिसळली होती. मास्तर टेबलावर चढून नाचले, धोतर सुटलं, पोरांनी ते पळवलं. दादा हे हातवारे करून सांगत होता आणि मंडळी खिदळत होती. मास्तरांचं पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. ते त्यानंतर गावातल्या एकाही हळदीला आले नाहीत, आणि वर्षभरात बदली मागून घेऊन निघून गेले.

मग वहिनी म्हणाली, तिच्या लग्नात तिच्या मावसबहिणीला सरबतातून असंच दिलेलं, दोन दिवस उठली नव्हती. हे सांगताना ती पान पुसायची थांबलीसुद्धा नाही. नवरदेवाला पण चेव आला. "खडवलीला नदीवर गेलेलो ना आम्ही, तेव्हा एकाला असंच दिलेलं. गोळी होती वाटतं काय तरी. पाण्यातच झोपला साला, आम्ही बाहेर ओढला त्याला." पुन्हा हशा. प्रत्येकाच्या पोतडीत एक तरी किस्सा होता. ज्याला पाजलं त्याचा किस्सा एकाचाही नव्हता, सगळे पाजणाऱ्यांचे.

मला शिसारी आली. हा माझा भाऊ, ही माझी वहिनी, हा मी अंगाखांद्यावर खेळवलेला पोरगा, आणि हे सगळे हळदीच्या हातांनी चहा पीत, बिस्किटं बुडवत, कुणाला कसं बेशुद्ध केलं ते मजेत सांगताहेत. आणि मास्तर टेबलावर चढले तेव्हा समोर पाटावर बसून पोट धरून हसलेली मीच होते. तेही मला तेव्हाच आठवलं. ज्या घरात हे चालतं त्या घरात मी वाढले, तिथलंच जेवून मोठी झाले. मलाही कुणीतरी चहाचा कप दिला होता; तोंडातला घोट मी मांडवाबाहेर जाऊन थुंकून टाकला.

वळले तर जिन्यावर भाची उभी. कठड्याला घट्ट धरून. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"आत्या, टेस्ट कर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुझ्या बॅगेत लघवीच्या डब्या असतात ना? आत्ता घे. नाहीतर हॉस्पिटलला चल. मला कळायला पाहिजे त्यात काय होतं."

हशा थांबला. पहिली वहिनी बोलली. "आज? अगो तू करवली! कलश कोन घेल?" मग आवाज चढवून, "घराला हळद लागली हाय. आज हॉस्पिटलाची पायरी चढायची नाय, पोलिसांचा तर नाव पन काढायचा नाय. तुझ्या भावाचा संसार सुरू व्हायचा हाय, त्याचा काय?" दादा म्हणाला, कोपरीवाल्यांना कळला तर मांडवातून माघारी पाठवतील. करवली रात्री टल्ली झाली होती, असंच म्हणतील लोक. थंड्यात काय होता ते कोण बघतो?

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण यातलं कळणारी मीच एकटी.

रात्री दहा ते सकाळचे साडेआठ. मला हिशेब येत होता. काही गोष्टी शरीरात दोन-चार दिवस सापडतात, काही बारा तासही थांबत नाहीत. वेळ होता, पण थोडा. सिव्हिल रिक्षाने गाठता आलं असतं. कलश धरायला चुलत बहीण होती. मुहूर्त साडेबाराचा होता, तोही गाठता आला असता कदाचित. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

मी म्हणाले, "आज लग्न लागू दे राणी. उद्या सकाळी लॅबमध्ये ये, मी स्वतः करते. उद्यापर्यंत दिसतं ते."

"नक्की?"

"नक्की. मी आहे ना."

का म्हणाले? दादाचा चेहरा बघून म्हणाले. माहेर तुटेल म्हणून म्हणाले. आई-वडील गेल्यावर बाईला माहेर असतं ते भावाच्या दारात, आणि ते दार माझ्या तोंडावर लागायला नको होतं. कारणं सांगायला बसलं तर पुष्कळ आहेत. सोमवारच्या आयांकडेही पुष्कळ असायची.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. मेकअपवाली यायची होती आणि पोरीचे डोळे सुजलेले. मीच स्वयंपाकघरात गेले, लिंबं पिळली, मीठ-साखर घातली आणि तांब्याभर सरबत करून वर नेलं. म्हटलं, हे सगळं पी आणि वरून भरपूर पाणी पी, बाथरूमला जाऊन ये, बरं वाटेल. पाणी पिऊन पिऊन लघवी पातळ झाली की नमुना कसा बिघडतो, हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शिकवायला नको होतं. ती दोन घोट प्यायची, थांबायची, पुन्हा प्यायची. मी सांगितलं म्हणून तिने तांब्या रिकामा केला.

कोपरीला हॉलमध्ये ती दीड तास कलश घेऊन उभी होती. हिरवी साडी, नथ, गजरा. कलशातलं पाणी हिंदकळून तिचा पदर भिजला होता. राखी बांधलेला तो मुलगा नवरदेवाच्या उजव्या हाताला फेटा बांधून मिरवत होता. मागच्या खुर्च्यांवर पोरं एकाच मोबाईलवर डोकी घालून बसलेली. अक्षता पडल्यावर एका चुलतीने मला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या फोनवर व्हिडिओ दाखवला. "तुमच्या भाचीचा हाय," एवढंच म्हणाली, पण डोळे चमकत होते तिचे.

डीजेच्या लाल-हिरव्या उजेडात भाची दिसते. उभी राहू शकत नाही. मान पुढे लोंबतेय, केस तोंडावर. पिवळ्या कुर्त्यातला एक जण तिला कमरेला धरून उभी करतो, सोडतो, ती पडते, पुन्हा उभी करतो. बाहुली नाचवतात तसं. पोरं ओरडताहेत, "गेली रे गेली!" आणि एकाचा आवाज अगदी फोनजवळ, "अजून अर्धा कप पाज, भाई." मग कॅमेरा हलतो आणि व्हिडिओ संपतो. ज्याने चित्रण केलं त्याने खाली हसरे चेहरे टाकले होते.

मागे मांडवातल्या खुर्च्या दिसत होत्या, खुर्च्यांवर आमच्याच बायका. एकही उठलेली दिसली नाही.

त्या वेळीसुद्धा मी भाचीचा हात धरून तिला बाहेर काढू शकले असते. चुलतीला म्हटलं डिलीट कर हे, ती हो म्हणाली. मग कोणीतरी आग्रहाने पंगतीला ओढून नेलं आणि मी जेवले. श्रीखंड-पुरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नवरीला घेऊन देवाला जायचं निघालं आणि करवलीला कोणी सोडेना. भाची लॅबमध्ये आली तेव्हा साडेअकरा वाजले होते, घामाघूम, रिक्षा मिळेना म्हणून अर्धं अंतर चालत आलेली. मी लघवीचा नमुना घेतला. आमच्याकडची तपासणी केली, शिवाय एक भाग मोठ्या लॅबला पाठवला. दोन्ही निगेटिव्ह.

निगेटिव्ह म्हणजे काय? तपासणी ज्या चार-पाच गोष्टी शोधते, त्या त्या दिवशी साडेअकराला त्या डबीत नव्हत्या. बस्स. हळदीच्या रात्री कपात काय होतं याच्याशी त्या कागदाचा काही संबंध नव्हता. पण दादाने त्या कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. 'देवाच्या कृपेने रिपोर्ट क्लिअर आहे', पुढे जोडलेले हात. खाली अंगठे, फुलं, 'अभिनंदन' सुद्धा होतं एक. पोरगी दहावी पास झाल्यासारखं अभिनंदन! एका काकूने तर मला वेगळा फोन करून विचारलं, "यात बाकीचा पन कळतो का गो? म्हंजे... पोरगी नीट हाय ना?" मी फोन ठेवून दिला. नंतर बराच वेळ हात धूत बसले.

रिपोर्ट आल्यावर भाचीने मला एकच विचारलं, "मग मला काय झालेलं, आत्या?" मी म्हणाले, कधीकधी लवकर निघून जातं. ती म्हणाली, अच्छा.

लग्नानंतर चौथ्या दिवशी दादाकडे सत्यनारायण होता. मी गेले. न जाऊन सांगते कुणाला. भाची चौरंगापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती, फोन उलटा ठेवून. आरती झाली, तीर्थप्रसाद सुरू झाला आणि शेजारचा तो मुलगा आला, आईला घेऊन. सगळ्या मोठ्यांच्या पाया पडला. माझ्याही पडला, "आत्या, बरं आहे ना?" त्याच्या बोटांचा माझ्या पायाला स्पर्श झाला तशी मी पाय आत ओढून घेतला, पण तोवर तो पुढे सरकला होता. स्वयंपाकघरातून थंड्याचे कप येत होते. त्याने ट्रेमधला एक उचलला, भाचीसमोर जाऊन वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"घे गं. यात काही नाही हां!"

काय हशा पिकला! त्याची आई हसली, वहिनी पदर तोंडाला लावून हसली, नवी नवरी काही न कळून हसली. दादा हसत म्हणाला, "गप रे, बिचारीला कशाला छळतंस." पूजेच्या खोलीत, उदबत्तीच्या वासात, प्रसादाचे द्रोण हातात घेऊन माझं अख्खं माहेर हसत होतं. 

भाचीने कप घेतला. शांतपणे जमिनीवर ठेवला. ओढणी नीट केली, फोन उचलला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मी पोलीस स्टेशनला चाललेय. येतेस?"

मी उठले. मागून वहिनीची हाक आली, "अगो प्रसाद तरी घेऊन जा!"

पोलीस स्टेशनात एक बाई अधिकारी होत्या, चाळिशीच्या, चष्म्याच्या. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तो व्हिडिओ फिरत फिरत भाचीच्या फोनवरही पोचला होता; तो त्यांनी दोनदा बघितला, दुसऱ्यांदा आवाज वाढवून. मग रिपोर्ट हातात घेतला.

"हा निगेटिव्ह आहे," त्या भाचीला म्हणाल्या. "तक्रार मी घेते, व्हिडिओ आहे. पण समोरचा वकील पहिला हाच कागद दाखवणार. लगेच का नाही गेलात तपासणीला? दीड दिवस का लावला?"

भाची सरळ बसली. "माझी चूक झाली मॅडम. आत्या लॅबमध्ये आहे, तिने मला सांगितलेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दिसतं. पण मी सकाळी गेलेच नाही. साडेअकरा केले. ते लोक देवाला जाताना मला सोडत नव्हते, पण मी निघायला पाहिजे होतं. आठला गेले असते तर आलं असतं त्यात."

तीन दिवस ही पोरगी त्या साडेतीन तासांसाठी स्वतःला बोल लावत होती. मला कल्पनाही नव्हती. बाईंनी मान हलवली आणि ते लिहायला घेतलं. मी काही बोलले नसते तर ते तसंच लिहिलं गेलं असतं, आणि दादाचं दार, भाचीची आत्या, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"तसं नाही लिहायचं, मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "ती आठला आली असती तरी काही आलं नसतं कदाचित. लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठलाच ती तपासणी कर म्हणाली होती. सगळ्यांसमोर म्हणाली होती. मी थांबवलं. उद्यापर्यंत दिसतं हे मी खोटं सांगितलं. वर तांब्याभर सरबत आणि पाणी पाजलं. मी एकोणीस वर्षं हेच काम करते. मला ठाऊक होतं. लिहा हे, मी सही करते."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग भाचीकडे.

"म्हणजे तुला माहीत होतं?" भाची म्हणाली.

"हो."

"पाण्याचं पण?"

"हो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, निदान उठून जाईल. ती माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी जिन्यावरून मांडवाकडे बघत होती तशी. मग टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिने हाताने बाजूला सारला.

"आत्या, तू बाहेर बस."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. दादाचे फोन येत होते, एकामागून एक, मी उचलले नाहीत. आत ती बोलत होती. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता, सलग, न थांबता. माझ्याजवळ तिने दोन मिनिटांत संपवलं होतं ते सांगायला तिला आत तासभर लागला. मधेच बाई उठल्या, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी दार लावून घेतलं.